सिगारेट ओढायची की नाही हे माणूस स्वतःच ठरवतो, मग जाहिरातींना दोष का द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा 17 वर्षांचा आहे, सिगारेट ओढताना सापडला, आणि घरात वाद पेटला. मेव्हणे म्हणतात कंपन्यांनी पोरं बिघडवली. तुम्ही म्हणता ज्याच्या हातात काडेपेटी त्याची जबाबदारी. वर तुम्हाला त्याचं काय करायचं हेही हवंय. भाच्याचं शेवटी सांगते. आधी ते जबाबदारीचं, कारण हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला इतक्या वेळा ऐकवलंय की ते गप्प ऐकून घेणं आता जमत नाही.

आमचं दुकान मालवण तालुक्यातल्या एका गावात, एसटी थांब्यासमोर. बाबा मुंबईत गोदीत नोकरीला, त्यामुळे दुकान आईच चालवायची. कांदे-बटाटे, खोबरेल, वह्या, चहापावडर आणि हो, विडी-सिगारेटही. खांबाला जळता सुंभ टांगलेला असायचा, त्यावर गडीमाणसं विडी पेटवायची. सिगारेटची पाकिटं मात्र गल्ल्याखालच्या खणात. मागितल्याशिवाय दिसत नसत, आणि हायस्कूलच्या पोराने मागितली तर आई त्याच्या घरी निरोप पाठवायची. एकदा एका पोराचा बाप उलट भांडायला आला, “तुझा काय जाता?” म्हणून. आईने त्याला बसवून चहा दिला आणि नियम तसाच ठेवला.

2003 साली कायदा आला, 1 मे 2004 पासून टीव्ही, वर्तमानपत्र, होर्डिंग सगळीकडे तंबाखूच्या जाहिरातीला बंदी झाली. लोकांना वाटलं जाहिरात संपली. आम्हाला ती आमच्याच दारात येताना दिसली. वितरकाचा माणूस मोटरसायकलवरून आला, टेप काढून आमचा काउंटर मोजायला लागला. आत दिवा असलेली काचेची फळी लावणार, भाडं दरमहा रोख. त्याने निवडलेली जागा मला अजून दाखवता येईल: एका बाजूला लिमलेटच्या गोळ्यांची बरणी, दुसऱ्या बाजूला पेन-पेन्सिलींचा डबा. जागा मोजल्यावर तो गिऱ्हाइकाच्या बाजूला गेला आणि गुडघे वाकवून खाली बसून बघितलं, फळी नीट दिसेल ना म्हणून. आईने विचारलं, मोठ्या माणसांसाठी आहे ना, मग वर मागच्या फडताळात लाव, त्यांची नजर तिथे पोचते. तो म्हणाला, जागा वरूनच ठरवून आलीय, मला बदलता येत नाही.

आईने नको सांगितलं. दादाला मात्र ते पैसे दिसत होते, विजेचं बिल त्यातून परस्पर सुटलं असतं. आई कणकवलीला गेली त्या दिवशी त्याने माणसाला बोलावून फळी बसवून घेतली. संध्याकाळच्या एसटीने आई उतरली. समोर दिवा लावलेली फळी, आणि पुढे शाळा सुटलेली पोरं गोळ्या घेतायत. तिने पिशवी खाली ठेवली, स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि एकेक स्क्रू स्वतः काढला. “भाड्याचे पैसे गेले चुलीत, ही फळी हय नको.” फळी मागच्या पडवीत उभी करून ठेवली, ती त्या माणसाने पुढच्या फेरीत नेली. दादा महिनाभर आईशी धड बोलला नाही. त्याचं एकच: “ओढणारो ओढतलोच. फळी असांदे नायतर नसांदे.”

आता हा दादा स्वतः कसा ओढायला लागला ते सांगते. 1996 चा क्रिकेटचा विश्वचषक आठवा. स्पर्धेचं नावच विल्स वर्ल्ड कप, विल्स म्हणजे सिगारेटचा ब्रँड. त्या काळात आपल्या संघाच्या अंगावरच्या शर्टावर छातीवर सिगारेटच्या ब्रँडचं नाव असायचं, आणि ते 2001 पर्यंत चाललं. दादा तेव्हा दहावीत. मालवणच्या बाजारातून त्याने तसला निळा शर्ट आणला होता, धुऊन धुऊन अक्षरं फुटली तरी टेनिस बॉलच्या मॅचला तोच घालायचा. त्याच उन्हाळ्यात मॅच संपल्यावर मळ्याच्या बांधामागे पोरं एक सिगारेट चौघांत ओढायला लागली. ब्रँड कुठला, हे सांगायला नको.

सचिनच्या बॅटवर त्या स्पर्धेत स्टिकर नव्हतं. तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द वडिलांना दिला होता, हे त्यानेच पुढे सांगितलं. कोऱ्या बॅटने त्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त, 523 धावा काढल्या. मला याचा फार अभिमान वाटतो. पण पोरांच्या लक्षात कोरी बॅट राहिली नाही, शर्ट राहिला.

दादाला हे सांगितलं की तो चिडतो. “माका कोणी जाहिरात दाखवूक नाय. मी माझ्या मनान ओढूक लागलंय.” आणि मग त्याचा हुकमाचा पत्ता: आजीच्या मशेरीची कुठे जाहिरात होती? मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. आजी पहाटे चुलीवरच्या तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, सगळ्या घरात ठसका उठायचा, आणि मग तळहातावर मशेरी घेऊन अर्धा तास परड्यात. तिला कोणी शर्ट दिला नव्हता. तिच्या आईला बघून ती लागली. पण आजीच्या आईला नवीन गिऱ्हाईक नको होतं, हा फरक दादा कधी मोजत नाही. म्हणून आमच्या आईने मशेरीला हात लावला नाही आणि ती सवय आमच्या घरातून गेली. सिगारेट जात नाही, कारण एक माणूस सोडतो किंवा मरतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा बसवणं हे कुणाचं तरी पगारी काम आहे. हे मी रागाने बोलत नाही. अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या 1984 च्या अंतर्गत टिपणात सरळ लिहिलेलं आहे की तरुण ओढणारे हाच जागा भरून काढण्याचा एकमेव मार्ग आहे. ते कागद पुढे खटल्यांमध्ये बाहेर आले. आणि याच धंद्यातल्या सात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख 1994 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर म्हणाले होते की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही.

त्यामुळे माझं मत असं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने पहिली सिगारेट ओढली याला ‘त्याचा निर्णय’ म्हणणं म्हणजे विकणाऱ्याची सोय बघणं. धूर आत घेतल्यावर निकोटिन मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद पुरतात. त्या वयात मेंदू अजून घडत असतो, आणि पकड बसल्यावर ‘ठरवणं’ अर्धं राहतं. चाळिशीतल्या माणसाची गोष्ट वेगळी. सोडायची जबाबदारी त्याचीच, ती कोणी कंपनीवर ढकलू नये. दादाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तो डॉक्टरांना छाती पुढे काढून म्हणाला, चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. ऐकायला मर्दानी वाटतं. पण सगळी चूक स्वतःवर घेऊन तो महिन्याभरात परत पाकीट घेऊन आला. लागण्याचा दोष त्याच्यावर नाही आणि सोडणं त्याच्यावर आहे, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात हे त्याला आजही पटत नाही.

आज तेच नाव बदलून चालू आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी, म्हणून टीव्हीवर त्याच नावाची वेलची आणि पानमसाला, आणि पुढे हिंदी सिनेमातले सगळ्यांत मोठे नट. 2022 मध्ये अक्षय कुमारने अशा एका जाहिरातीतून माफी मागून माघार घेतली, बाकीचे बरेचसे तिथेच राहिले. आमच्याकडे शिमग्यानंतरच्या टेनिस बॉल स्पर्धांना मैदानाच्या कडेला असले बॅनर लागतात. मंडळाच्या पोरांना चषक आणि जेवणाचा खर्च कोणीतरी देतो, त्यांना तेवढं पुरतं. मी दरवर्षी भांडते. कधी बॅनर निघतो, कधी नाही.

आता उलट बाजू, नाहीतर कोणी विचारेलच. जाहिरात बघणारा प्रत्येक जण ओढत नाही. मीही त्याच दुकानात, त्याच शर्टांच्या गावात वाढले आणि कधी ओढली नाही. मुलगी होते हेही त्याचं मोठं कारण, त्या जाहिराती माझ्यासाठी नव्हत्याच. शिवाय 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के आणि तोंडात तंबाखू धरणारे 24.4 टक्के. म्हणजे भाचा फक्त ओढतो यावर समाधान मानू नका, त्याचे खिसे पुड्यांसाठीही बघा.

भाच्याचं. त्याच्यावर ओरडण्याआधी तो कुठून घेतो ते काढा. 18 वर्षांखालच्याला विकणं गुन्हा आहे, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, विकणं गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुट्टी सिगारेट विकायलाही बंदी आहे. बाल न्याय कायद्याखाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे टपरीवाल्याला तुम्ही आणि मेव्हणे दोघांनी मिळून, शांतपणे, जाऊन सांगा. पोराची जबाबदारी त्याला शिकवायचीच आहे, तर आधी मोठ्यांनी आपापली उचललेली त्याला दिसू दे.

मग त्याच्याशी बोला. 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, सोडायला मदत करतात. पहिले तीन दिवस सगळ्यांत जड, चिडचिड होते, झोप लागत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत बरंच उतरतं. त्या दिवसांत परीक्षा किंवा घरात लग्न येणार नाही असा मुहूर्त बघा. आणि गणपतीत तर सुरुवात करूच नका, मुंबईहून आलेले चुलतभाऊ रात्री भजन आटोपलं की पाकीट घेऊन पडवीत बसलेले असतात.