गावातल्या वाचनालयांसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर करायचंय: जँगो, लारावेल की नेक्स्ट जेएस?

जँगो घ्या. तिन्ही वेबसाइटचा सांगाडा पुरवणारी साधनं, म्हणजे फ्रेमवर्क: जँगो पायथनचं, लारावेल पीएचपीचं, नेक्स्ट जेएस जावास्क्रिप्टचं. चौघांपैकी दोघांना पीएचपी नीट येत असेल तर लारावेल घ्या. नेक्स्ट जेएसच्या वाटेला जाऊ नका, निदान या कामासाठी तरी.

तुम्ही लिहिलंय की चौघंजण नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, निफाड-दिंडोरीकडच्या छोट्या वाचनालयांसाठी देवघेव, सभासद आणि वर्गणी सांभाळणारं सॉफ्टवेअर करून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना खुलं (ओपन सोर्स) ठेवायचंय, आणि 'सध्या जास्त मागणी कशाला आहे' ते हवंय. मागणी हा नोकरीचा प्रश्न झाला. नोकरीसाठी रिॲक्ट शिका, नेक्स्ट शिका, कोण नको म्हणतंय? पण ते शिकणं ग्रंथपालबाईंच्या जिवावर नको. तुम्ही जूनमध्ये पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाल, बाई तिथेच असणार आहेत.

एवढं तिखट लिहायला कारण आहे.

२०१३ साली आम्ही काही मित्रांनी द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची वही केली होती, ओपन सोर्स. युरोपला माल पाठवायचा तर कोणत्या दिवशी कोणतं औषध किती मारलं याची नोंद लागतेच. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडून आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्यानंतर तर बागायतदार या नोंदींना फारच जपायला लागले. आमचा फॉर्म साधा होता: प्लॉट, छाटणीपासूनचा दिवस, औषध, प्रमाण, कोणत्या रोग-किडीसाठी (भुरी, डाऊनी, थ्रिप्स), ब्लोअरने की गनने. औषधाचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, यादीतून आपोआप यायचा. तोडणीची तारीख त्याच्या आत आली की वर लाल पट्टी. बस्स.

जँगो १.५ वर केलं होतं. औषधांची यादी भरायला आम्ही स्क्रीनसुद्धा बनवला नाही. जँगोसोबत येणारं ॲडमिन, म्हणजे नोंदी भरायची तयार पानं, होतं, त्याचं लॉगिन पिंपळगावच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्या काकांना देऊन टाकलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका काउंटरवर बसून बाटलीचं लेबल डोळ्यांजवळ धरायचे आणि नवीन औषध, घटक, पीएचआय भरायचे. चुकलं तर स्वतःच दुरुस्त करायचे. त्यांना गिट काय ते माहीत नव्हतं, पण त्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम त्यांनीच केलं असं माझं आजही मत आहे.

मग आमच्यातल्या सगळ्यात हुशार मित्राच्या डोक्यात ॲंग्युलर जेएस शिरलं, ब्राउजरमध्येच पानं बनवणारं जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क. हुशार होता, यात वाद नाही. कॉलेज रोडला मिसळ खाताना त्याने सांगून टाकलं की सर्व्हरवर पानं बनवणं हे आता म्हाताऱ्यांचं काम, पुढची पाच वर्षं सगळं ब्राउजरमध्येच चालणार, आणि तू असाच राहिलास तर मागे पडशील. गूगलचं आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी एकटा म्हणत होतो की काकांच्या ॲडमिनचं काय? 'ते नंतर बघू.' २०१४ च्या उन्हाळ्यात सगळं नव्याने लिहायला घेतलं: ॲंग्युलर, आणि त्याच्या जोडीला बॉवर, गल्प ही कोड आणायची-जोडायची साधनं. काकांचं लॉगिन बंद झालं ते झालंच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, इकडे बागांच्या छाटण्या चालू असताना, तिकडे पॅरिसच्या परिषदेत ॲंग्युलरवाल्यांनी स्वतःचीच छाटणी जाहीर केली. पुढच्या आवृत्तीत कंट्रोलर नाहीत, स्कोप नाही, जुना कोड सरळ वर नेता येणार नाही. ॲंग्युलर २ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. आमचा हुशार मित्र त्याआधीच हिंजवडीला गेला होता आणि रिॲक्ट करत होता.

पण खरं दुखणं २०१९ मधलं आहे. सिन्नरकडचा एक मुलगा, वडिलांची बाग, स्वतः डिप्लोमाला, मला म्हणाला, 'दादा, तुमच्या वहीत मजुरीचा रकाना टाकायचाय, मी करू का?' ओपन सोर्सवाल्याला याहून गोड वाक्य ऐकायला मिळत नाही. माझ्याकडेच बसला, रेपो (आमचा कोडचा साठा) उतरवला, लॅपटॉपवर ताजं नोड १२, म्हणजे ब्राउजरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर. एनपीएम इन्स्टॉल (लागणारी पॅकेजेस उतरवायची आज्ञा) केल्यावर इशाऱ्यांचा पिवळा धबधबा आला, तो म्हणाला, हे असतंच. मग गल्प चालवलं आणि लाल ओळ: 'प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड'. शोधल्यावर कळलं की गल्प ३ ज्या जुन्या ग्रेसफुल-एफएस नावाच्या पॅकेजवर उभं होतं ते नोड १२ वर चालतच नाही. म्हणजे नोड मागे न्या, नाहीतर गल्प पुढे न्या. गल्प पुढे न्यायचं तर ४ मध्ये कामं लिहायची पद्धत वेगळी. त्याला टाकायचा होता एक रकाना. रात्री जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही, आणि परत कधी आलाही नाही. त्याची काय चूक?

त्यानंतर मी रेपोतली जँगोची जुनी फांदी उघडली. १.५ वरून २.२ वर, पायथन २ वरून ३ वर. कंटाळवाणं काम होतं: साउथ या जुन्या साधनाची मायग्रेशन्स (टेबलांतल्या बदलांच्या फाइल्स) टाकून नवी बनवायची, प्रत्येक फॉरेन कीला, म्हणजे दोन टेबलं जोडणाऱ्या रकान्याला, ऑन-डिलीट लिहायचं, युनिकोडची जुनी लचांडं काढायची. पण काय बदललं ते प्रत्येक आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये ओळीओळीने दिलेलं होतं. तेवढं वाचत गेलो आणि ते उभं राहिलं. आजही चालू आहे, काकांच्या मुलाकडे लॉगिन आहे. ॲंग्युलर जेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला. हे त्या मित्राने वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुमच्या वाचनालयाचं. जँगोची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी, आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिला तीन वर्षं सुरक्षेची दुरुस्ती मिळते, ५.२ ही एप्रिल २०२५ ची एलटीएस आहे, तीच धरा. लारावेलला आता एलटीएस नाही, ६ ही शेवटची. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं, म्हणजे कोणीतरी सतत मागे लागायला हवं. पण पीएचपी चालवणारं स्वस्त होस्टिंग कुठेही मिळतं आणि तालुक्याच्या गावात पीएचपी येणारा माणूस सापडतो, हा लारावेलचा फायदा छोटा नाही. नेक्स्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण २०२२ मध्ये १३ व्या आवृत्तीत ॲप राउटर ही पानं मांडायची नवी पद्धत आल्यापासून एकच गोष्ट दोन पद्धतींनी लिहिलेली सापडते, नवशिक्या निम्मं इकडचं आणि निम्मं तिकडचं उचलतो. देवघेवीच्या नोंदीला एवढी यंत्रणा कशाला?

एक विचारायचं राहिलं: कोहा बघितलंत का? न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी केलेलं, २००० सालापासून चालू असलेलं ओपन सोर्स ग्रंथालय सॉफ्टवेअर. पर्लमध्ये आहे. पर्ल! तुमच्या वर्गात पर्लचं नाव काढलं तर हसतील, आणि कोहा जगभर वापरात आहे. गावच्या दोन खोल्यांच्या वाचनालयाला ते जड पडेल हे मान्य, पण त्याचं टेबलांचं डिझाइन वाचा. पुस्तक वेगळं आणि त्याची प्रत वेगळी, हे बहुतेक विद्यार्थी प्रकल्पांत चुकतं, आणि दाखल नोंदवही त्या प्रतीवरच उभी असते.

लायसन्सची फाइल पहिल्याच दिवशी टाका. कोणी तुमचं सॉफ्टवेअर बदलून सर्व्हरवर चालवलं आणि बदल देत नसेल तर जीपीएल हे लायसन्स तिथे काही करू शकत नाही, त्याचंच कडक भावंड एजीपीएल करू शकतं. फ्रेमवर्कचंही लायसन्स बघा. २०१७ मध्ये रिॲक्टच्या पेटंटच्या कलमावरून अपाची फाउंडेशनने त्याला आपल्या प्रकल्पांत बंदी केली होती, मग फेसबुकने ते एमआयटीवर आणलं. आज अडचण नाही, पण हे तपासायचं असतं एवढं कळावं म्हणून सांगितलं.

आणि हो, आधी सांगायला हवं होतं: चौघांपैकी कोणालाच पायथन येत नसेल आणि सगळ्यांना जावास्क्रिप्टच येत असेल, तर माझं वरचं निम्मं उत्तर बाजूला ठेवा आणि एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या छोट्या फ्रेमवर्कवर साधी पानं बनवा. नवीन भाषा आणि नवीन फ्रेमवर्क एकदम शिकत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पुरा होत नाही.

नेट जाणं हा प्रश्न मात्र खरा आहे, वाचनालयातही येईल. बागेत रेंज नसते, फॉर्म भरला आणि पाठवताना अडकला की शेतकरी वैतागतो. हा मुद्दा त्या मित्राने २०१४ मध्ये मांडला होता आणि तो बरोबर होता. फक्त त्यासाठी सगळं नव्याने लिहायची गरज नव्हती. लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउजरमध्येच माहिती साठवायची सोय, तेव्हाही होतं. नोंद फोनमध्ये ठेवून रेंज आल्यावर पाठवायला त्या एका फॉर्मपुरतं थोडं जावास्क्रिप्ट पुरलं असतं. नंतर मी तेच केलं, आणि काकांचं ॲडमिन जागेवर राहिलं.