लेफ्ट फोर डेड २ : नवख्या खेळाडूस सल्ला
इंदूरच्या आपल्या मराठी चमूत तुम्ही नव्याने आला आहात, म्हणून सांगतो. चौघांनी मिळून झोंबींशी लढायच्या २००९ सालच्या या व्हिडिओ खेळाविषयी जुन्या खेळाडूंची मते अवश्य ऐकावीत, मात्र थेट ‘व्हर्सस’पासून (दोन चमूंतील सामन्यापासून) सुरुवात करण्याचा आग्रह मानू नये, तेथे नवख्याला मतदान करून बाहेर काढले जाते. आधी ‘कॅम्पेन’, म्हणजे चौघांनी मिळून संगणकाविरुद्ध खेळायची मोहीम, खेळावे. हंटर या विशेष झोंबीने झडप घातल्यावर सोबत्यानेच सोडवावे लागते, त्यामुळे इतर तिघांना सोडून पुढे धावणारा नेमबाज कितीही तरबेज असला, तरी माझ्या मते निरुपयोगीच. दोनदा कोसळून उठल्यावर पडदा कृष्णधवल होतो आणि पुन्हा कोसळणे म्हणजे मृत्यू. प्रथमोपचार पेटी त्या वेळेसाठी राखावी, कारण वेदनाशामक गोळ्यांनी आलेली शक्ती हळूहळू ओसरते. विच या उजेडाने चिडणाऱ्या घातक झोंबीचे रडणे ऐकू आल्यास टॉर्च बंद करावा. रात्री सराफ्याला (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) जायचे असल्यास ‘एक्सपर्ट’ ही सर्वांत कठीण पातळी सुरूच करू नये.