टेकनपूरच्या गेटाला जाब कोण विचारणार?

प्रश्न : वकीलसाहेब, झाशी रोडनं जाताना टेकनपूरची बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) अकादमी दिसली की अभिमान वाटतो. पण मुलगी अमृतसरला असते. जावई म्हणतात, २०२१ पासून आमचं घरही बीएसएफच्या हद्दीत आलंय, झडती घेऊ शकतात, आणि माहितीचा अधिकारही त्यांना लागू नाही. मग त्यांना विचारणारं कुणी आहे की नाही?
— एक वाचक, दौलतगंज, लष्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, जावईबापूंचं बरंचसं खरं आहे. अमृतसरपासून अटारीची सीमा जेमतेम तीस किलोमीटर. पंजाबात ही हद्द पूर्वी सीमेपासून १५ किलोमीटर होती, ११ ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेनं ५० झाली. (गुजरातेत ८० ची ५० झाली, त्याबद्दल मात्र कुणी आरडाओरडा केला नाही.) पण पकडलेला माणूस पोलिसांच्या हवाली करावाच लागतो. गुन्हा नोंदवणं, तपास, आरोपपत्र ही कामं पोलिसांचीच.

आता जाब. माझ्याकडे १९६८ च्या सीमा सुरक्षा दल कायद्याची प्रत आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेली. शेवटाकडे कलम १३९ येतं, ती अधिसूचना याच कलमाखाली निघाली. त्याचं पहिलं पोटकलम सगळे वाचतात, कारण त्यात अधिकार आहेत. तिसऱ्याकडे कोण बघतो? त्यात म्हटलंय की असा प्रत्येक आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवायचा, आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर तो बदलता येतो, रद्दही करता येतो. म्हणजे दोरी संसदेच्या हातात आहे. पण पटलावर रोज कागदांचा गठ्ठाच येतो. त्यातला नेमका कागद उचलून उभं राहणारा खासदार लागतो, आणि माझी तक्रार तिथंच आहे.

पंजाब विधानसभेनं ११ नोव्हेंबर २०२१ ला विरोधाचा ठराव केला. पण दल केंद्राचं, राज्याच्या ठरावानं ते बांधलं जात नाही. म्हणून पंजाब राज्यघटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे केंद्र-राज्य वाद म्हणून, सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा भोपाळच्या आमदाराला गाठून काही हाती लागणार नाही.

दुसरी जागा म्हणजे गृहखात्याची संसदीय स्थायी समिती. लोकसभेचे २१, राज्यसभेचे १० सदस्य. दरवर्षी अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्याच्या खर्चाचे प्रस्ताव, तपासताना अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. शिफारशी बंधनकारक नाहीत, पण कोणती मानली, कोणती नाही आणि का, हे खात्याला लेखी सांगावं लागतं. कोरडे अहवाल असतात, पण मी ते चवीनं वाचतो.

माहिती अधिकाराचं म्हणाल, तर दार पूर्ण बंद नाही. कलम २४ बीएसएफला वगळतं, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप सोडून. मानवी हक्कांच्या बाबतीत आधी केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि ४५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मानवाधिकार आयोगाचे हात मात्र आखूडच: सशस्त्र दलांबाबत तो केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो.

मुलीला एवढंच सांगा, कधी झडती झालीच तर जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मागून घे, तो तिचा हक्क आहे. आणि पत्र लिहायचं असेल तर अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी लिहा. खासदार अमृतसरचाच हवा असं नाही, आपला ग्वाल्हेरचाही चालतो.