दूतावासाच्या छोट्या अनुदानासाठी केलेला आमचा अर्ज का फेटाळला गेला असेल?

तुमची संस्था मुलींना संगणक शिकवते, अमेरिकी दूतावासाच्या पब्लिक डिप्लोमसी अनुदानाला अर्ज केला, काम चांगलं असूनही नकार आला आणि कारण काही कळवलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा सात-आठ अर्जांवर मी काम केलंय. त्यातले पहिले दोन सपशेल आपटले होते, त्यामुळे दुखणं ओळखीचं वाटतं.

अनुदानासाठी अर्ज मागवणारी दूतावासाची नोटीस (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला 'नोफो' म्हणतात) पुन्हा उघडा आणि कशाला पैसे मिळणार नाहीत ती यादी वाचा. बांधकाम, पक्षीय राजकारण, निधी गोळा करण्याच्या मोहिमा, संस्थेचा स्वतःचा विस्तार, आणि बहुतेक वेळा 'धर्मादाय किंवा विकासकार्य'. हा शेवटचा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. या अनुदानांमागचा 1961 चा फुलब्राइट-हेज कायदा अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या लोकांमध्ये परस्पर समज वाढावी म्हणून केलेला आहे. संगणकाचा वर्ग कितीही गरजेचा असला तरी त्यात ती देवाणघेवाण कुठेय, हे तपासणारा आधी बघतो.

आमच्या पहिल्या अर्जात 'अमेरिकी घटक', म्हणजे अमेरिकेशी जोडणारा भाग, शेवटच्या पानावर होता: समारोपाला एक अमेरिकी पाहुणे. दाराला तोरण बांधावं तसा! तिसऱ्या वेळी आम्ही अमेरिकेतल्या एका ग्रंथपाल बाईंना पार्टनर म्हणून धरलं. त्यांच्या ग्रंथालयातली मुलं आणि आमची मुलं दर पंधरवड्याला ऑनलाइन बसून एकमेकांच्या आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करणार होती. त्या बाई वगळल्या तर प्रकल्पच उरत नव्हता. तुमच्या अर्जातून पार्टनरचं नाव खोडून बघा. बाकी सगळं जसंच्या तसं चालत असेल, तर नकाराचं कारण मिळालं.

बजेटही बघा. 'साहित्य – 3,000 डॉलर' अशी ओळ दिसली की प्रश्न सुरू होतात. 'रेकॉर्डर, 4 नग, प्रत्येकी 90, एकूण 360' असं लिहा. कार्यालयाचा वरखर्च ठरावीक दराने लावायची सोय आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून ती मर्यादा 10 टक्क्यांवरून 15 वर गेली. बऱ्याच संस्था तो मागतच नाहीत, का कोण जाणे.

सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या वेबसाइटवरची नोंदणी आणि यूईआय हा संस्थेची ओळख पटवणारा 12 अक्षरी क्रमांक व्यक्तीला लागत नाही, संस्थेला लागतो. नोंदणी फुकट असते, दरवर्षी नवी करावी लागते. पैसे मागणाऱ्या एजंटांचे मेल येतील, ते सरळ उडवा. आमच्या नोंदणीपत्रावर नावात 'मंडळ' होतं, बँकेच्या पत्रावर नव्हतं. एवढ्यावर पाच आठवडे गेले. शिवाय परदेशी पैसा घ्यायला आपल्या सरकारची परवानगी लागते का, तेही आधीच बघून ठेवा.

अनुदान देणाऱ्या इतरांचीही तीच तऱ्हा. ब्रिटिश कौन्सिलच्या 'कनेक्शन्स थ्रू कल्चर' या अनुदान योजनेत 10,000 पौंडांपर्यंत मिळतात, पण ब्रिटनमधला जोडीदार सोबत हवाच.

म्हणून पुढच्या नोटिशीची वाट न बघता पार्टनर आत्ताच शोधा. नोटीस निघाल्यावर हातात महिना-दीड महिना उरतो आणि तेवढ्यात मिळतं ते फक्त 'आमच्या शुभेच्छा आहेत' असं पत्र. कोण, किती तास, काय करणार हे लिहिलेलं पत्र मिळायला आम्हाला चार महिने लागले होते.