मनात भीती असताना 'आनंद करा' हे कसं पाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही उत्तन-वसईच्या पट्ट्यातले ख्रिस्ती कोळी. नवरा दहा-दहा दिवस बोटीवर असतो, बोटीचं कर्ज आहे. वारा सुटला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. 'सर्वदा आनंद करा' हे वचन वाचलं की उलट अपराधी वाटतं. प्रार्थनेला बसले तर दोन मिनिटांत मन भरकटतं. माझा विश्वास कमी पडतो का? काय करू?"

ताई, विश्वास कमी पडत नाही. हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही, पुरावा त्याच पत्रात आहे. "सर्वदा आनंद करा" आणि लगेच पुढचं "कशाविषयीही चिंता करू नका" ही वचनं बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात येतात. लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता. आता थोडं मागे जा, अध्याय २, वचनं २७ आणि २८. एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरणाच्या दारातून परतला होता. पौल कबूल करतो की तो गेला असता तर माझ्या दुःखावर दुःख झालं असतं, आणि आता त्याला तुमच्याकडे धाडतोय म्हणजे माझा घोर कमी होईल. चिंता करू नका म्हणणाऱ्यालाही घोर होता आणि त्याने तो लपवला नाही. मोबाईलवर फुलांच्या चित्रावर एकटं वचन आलं की हे दिसत नाही. म्हणून एक सवय लावा: कुठलंही वचन टोचलं तर त्याच्या आधीची पाच-सहा आणि नंतरची पाच-सहा वाचायची.

आता करायचं काय. दर्याकाठच्या माणसाने अशा दिवसांत प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडावा असं मी आग्रहाने सांगेन. पौलाला कैदी म्हणून घेऊन जाणारं तारू वादळात सापडलंय, त्यावर २७६ माणसं. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखी वाटते. ते खोली मोजतात तर वीस वाव. थोडं पुढे जाऊन पुन्हा मोजतात तर पंधरा वाव. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि कधी उजाडेल म्हणून देवाचा धावा करतात. तुमच्या घरातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. काळोखात तारू हाकायचं नसतं. पाणी मोजायचं, नांगर टाकायचा आणि उजाडायची वाट बघायची. रात्रीच्या प्रार्थनेलाही हाच क्रम लावा.

आधी पाणी मोजा. "भीती वाटते" एवढंच म्हटलं तर तिला तळ सापडत नाही. एक वही ठेवा आणि प्रार्थनेआधी तीन ओळी लिहा, त्या दिवशीच्या, खऱ्या. "हवामान खात्याने उद्यासाठी इशारा दिलाय." "हप्त्याला चार हजार कमी पडतात." "परवा फोनवर त्याचा आवाज दमलेला होता." चौथी ओळ लिहू नका, नाहीतर यादी पहाटेपर्यंत संपत नाही. या तीन ओळी मोठ्याने प्रभूला वाचून दाखवा. ही प्रार्थनाच आहे, तिची तयारी नव्हे.

मग स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत, वाचायला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या दोन वचनांत "कुठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. तिथे थांबा आणि तुमचे "कुठवर" घाला: कुठवर हे कर्ज, कुठवर ही जागरणं. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे. तुम्हीही एकच गोष्ट मागा, नेमकी. "सगळं चांगलं कर" असं मागितलं तर मिळालं की नाही हे कळतच नाही. "आज रात्री चार तास झोप दे" हे कळतं. शेवटच्या दोन वचनांत भाव ठेवणं आणि गाणं येतं. मनात तसं वाटत नसलं तरी ती वाचा. शतकानुशतकं लोकांनी ती अशाच रात्री म्हटली आहेत. त्यांच्याकडून उसनी घेतली म्हणून खोटी ठरत नाहीत. आणि अगदीच घशाखाली उतरेनात तर स्तोत्र ८८ वाचा. त्याची अठराही वचनं अंधारातली आहेत, शेवटचा शब्दसुद्धा. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तिथे थांबून झोपायला गेलात तरी तुमची प्रार्थना पुरी झाली.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे रडगाणं गाळून थेट स्तुतीवर उडी मारणं. त्याने आत सल राहतो, आणि काही दिवसांनी स्तुतीचाच कंटाळा येतो. मार्कच्या शुभवर्तमानातलं वादळ आठवा. बोटीत येशू उशीवर झोपलेला, शिष्य त्याला उठवून म्हणतात की आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? असं बोलल्यावरही त्याने आधी वारा शांत केला आणि विश्वासाचा प्रश्न नंतर विचारला.

दुसरी चूक नवसाची. बरं झाल्यावर वांद्र्याच्या मोतमाउलीला जाऊन मेणबत्ती लावणं, आभार मानणं, यात काहीच वावगं नाही. पण रात्री दोन वाजता घाबरून केलेला नवस सकाळी आणखी एका कर्जासारखा छातीवर बसतो. आभाराचं वचन दिवसाउजेडी द्या.

मन भरकटतं ते बहुधा बोटीकडेच जातं ना? मग त्याला ओढून आणू नका, प्रार्थनाच तिकडे न्या. जपमाळेच्या एका दशकात दहा मणी असतात. बोटीवर जितकी माणसं, तितक्या मण्यांवर एकेकाचं नाव घ्या: तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, प्रत्येक खलाशी, जेवण करणारा पोरगा, तुमचा नवरा. मणी उरले तर त्यांच्या घरच्या बायकांची नावं. एका दशकाला तीन-चार मिनिटं लागतात, पाचही दशकं झालीच पाहिजेत असं नाही. तुम्ही जपमाळ म्हणत नसाल तर बोटांच्या पेरांवर करा. तेच तेच शब्द तोंडी आले तरी चालतं, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारले. फक्त त्या वेळी हातात मोबाईल नको. हवामान एकदा बघायचं, वहीत लिहायचं आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

आता आनंद. प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच २७ व्या अध्यायात पुढे काय होतं बघा. उजाडायच्या सुमारास पौल सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस तुम्ही उपाशी आहात, काहीतरी खा. तो भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. मग बाकीच्यांना धीर येतो आणि तेही जेवतात. तारू अजून वाचलेलं नाही, आणि वाचणारही नाही. काही तासांत ते फुटतं आणि माणसं पोहत, फळ्या धरून किनाऱ्याला लागतात, सगळीच्या सगळी. पौलाने आभार भाकरीचे मानले, वादळाचे नाही. कर्जासाठी आभार मानायची सक्ती स्वतःवर करू नका. आज ताटात जे पडलं, मग ती नुसती पेज आणि सुकट का असेना, तिच्याकडे बघून तिचे आभार माना आणि पोटभर जेवा. घोरात असलेली बाई पोरांना वाढते आणि स्वतः चहावर राहते. रिकाम्या पोटी भीती दुप्पट होते.

आठवड्यातून एकदा, रविवारी मिस्साहून आल्यावर, हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातली १६ ते १८ ही वचनं घ्या. सतराव्या वचनात तो सहा गोष्टी गेल्याचं मोजतो: अंजीर, द्राक्षं, जैतून, शेतातलं अन्न, मेंढरं, गुरं. अठराव्यात तरीही परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. आणि सोळाव्यात त्याचे ओठ थरथरतायत, पाय लटपटतायत. अंग कापत असतानाच तो हे बोलतोय. तुमच्या सहा ओळी तुम्ही लिहा. उदाहरणार्थ: जाळ्यात पापलेट आलं नाही, बोंबील पावसात भिजले, डिझेलची उधारी थकली, पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने तोंडावर आले, इंजिनचं काम निघालं, मच्छीमार सोसायटीत मान खाली गेली. मग "तरीही" हा शब्द लिहा आणि त्यापुढे त्याचंच अठरावं वचन उतरवा. यात एक पथ्य आहे. न घडलेलं नुकसान त्या सहांत घालू नका, नाहीतर यादी भीतीच लिहिते.

हे सगळं करताना हातातली कामं सोडायची नाहीत. कुणाचाही जीव जाणार नाही असं देवाने पौलाला आधीच कळवलं होतं. तरी खलाशी तारवावरची छोटी होडी पाण्यात उतरवून तिच्यातून पळायला लागले तेव्हा त्याने बजावलं की हे तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. तेव्हा बोटीवर माणशी एक लाइफ जॅकेट आहे का, वायरलेस चालतो का, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांना पाठ आहे का, मच्छीमार सोसायटीतून अपघात विम्यात नाव लागलंय का, हे नवऱ्याकडून विचारून घ्या. हप्त्याचं बोलणं बँकेत हप्ता चुकायच्या आधी करा, नंतर नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक उडालेली असेल, छाती धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या घेतल्याने विश्वास उणा होत नाही. "फक्त प्रार्थना कर, औषध बंद कर" असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका.

एकटीने मात्र करू नका. ज्या घरचा माणूस त्याच बोटीवर आहे त्या घरच्या एका बाईला गाठा, हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा, अर्धा तास पुरे. तिच्या तीन ओळी, तुमच्या तीन ओळी, स्तोत्र १३, आणि शेवटी एक गाणं, मोठ्या आवाजात. हबक्कूकच्या पुस्तकाची शेवटची ओळ ही गवयासाठी दिलेली सूचना आहे: हे तंतुवाद्यांवर म्हणायचं. तुमच्याकडे पेटी नसली तर टाळ्या वाजवा.