आधी कर्जातून नाव, मग सही

प्रिय,

"ताई, मला त्या फ्लॅटमधलं काहीच नको, सही करून मोकळा होतो," असं तू परवा म्हणालास. मोकळा? कसा? कर्ज दोघांच्या नावावर आहे. हक्कसोडपत्राने घरावरचा हक्क जातो, हप्ते जात नाहीत. तुमच्या घटस्फोटाशी बँकेला देणंघेणं नसतं. बायकोने हप्ता थकवला की तुझा सिबिल पडणार, आणि उद्या स्वतःसाठी वन बीएचके बघायला गेलास तर हेच जुनं कर्ज पुढे येणार. म्हणून एकच सांगते: आधी कर्जातून नाव, मग सही.

ती घर ठेवणार असेल तर चांगलंच. तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज चालू ठेवायला बँक तयार आहे, असं लेखी येऊ दे. तोंडी नको. बँक नाही म्हणाली तर विका. घेणाऱ्याच्या पैशातून आधी तुमच्या कर्जाची बाकी फिटते, मूळ कागद सुटतात, मग उरलेल्याचे दोघांना वेगवेगळे चेक. कोणाला किती आणि कधीपर्यंत, हे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात द्यायच्या संमतीच्या अटींमध्येच लिहून घ्या. "नंतर समजुतीने ठरवू" असं एकही वाक्य तिथे नको. समजूत असती तर तिथे गेला असतात का?

वकील म्हणतील, नवरा-बायको आहात तोवर तुझा हिस्सा तिला देणारं बक्षीसपत्र उरका, मुद्रांक शुल्कात सवलत आहे, घटस्फोटानंतर मिळायची नाही. बरोबर आहे त्यांचं. पण शुल्क वाचवून कर्ज गळ्यात ठेवायचं, हा कुठला हिशोब? आधी कर्जातून नाव!

माझ्या घटस्फोटाच्या वेळी आमचा फ्लॅट कोथरूडला होता. दुय्यम निबंधक कार्यालयात आमचं टोकन लागलं, ऑपरेटरने वेबकॅम माझ्याकडे वळवला, यंत्रावर अंगठा ठेवायचा तेवढा राहिला होता. मी विचारलं, "बँकेचं पत्र कुठंय?" पत्र नव्हतं. मी उठले. सासरचे पैशाला हपापलेली म्हणाले, आईसुद्धा म्हणाली, इतकं ताणू नये. मी ताणलं. पत्र आलं, तेव्हाच अंगठा दिला. पुढे नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते थकले, पण वसुलीवाल्यांचा फोन मला कधी आला नाही. आणि लोभच असता तर बाबांनी दिलेला सागवानी झोपाळा मी तिथे सोडला असता का? त्याची हळहळ अजून आहे. असो, विषय तुझा आहे.

तिच्याबद्दल तुला वाईट वाटतं, ते मला कळतं. वाटू दे. हवं तर तुझ्या वाट्यातले चार पैसे तिला जास्त सोड, मी अडवणार नाही. पण ते रोख सोड, सहीने नको.

शनिवारी घरी ये. कर्जाचं मंजुरीपत्र, ताजा खातेउतारा, इंडेक्स टू म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळ्यांच्या झेरॉक्स आण. तोवर कुठल्याच कागदाला हात लावू नकोस, आणि जेवायला थांब.

तुझी,
ताई