प्रिव्हेलिंग वेजच्या सॉफ्टवेअरचं अपडेट टेस्ट करताना नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात टेस्टिंग करता, ग्राहक कॅलिफोर्नियातला बांधकाम कंत्राटदार आहे, मजुरांचे तास आणि प्रिव्हेलिंग वेज (सरकारी बांधकामावर द्यायचीच अशी ठरवून दिलेली मजुरी) सांभाळणाऱ्या मॉड्यूलचं अपडेट येतंय, आणि ही भानगड काय नि कुठे डोकवायचं ते कुणी सांगत नाही.

मी सॅक्रामेंटोजवळ एका काँक्रीटच्या सबकाँट्रॅक्टरकडे पेरोल बघते. म्हणजे तुमचं अपडेट सोमवारी सकाळी ज्यांच्या डोक्यावर आदळतं त्यांच्यातली एक.

भानगड फार जुनी आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या बांधकामावर त्या भागात त्या कामाला जी मजुरी चालते तिच्यापेक्षा कमी द्यायची नाही, असा डेव्हिस-बेकन कायदा अमेरिकेत १९३१ साली झाला. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदाही त्याच वर्षीचा. केंद्राचा कायदा २,००० डॉलरच्या वरच्या कामांना लागतो, राज्याचा १,००० डॉलरच्या वरच्या. हे आकडे वाचून हसू येतं, एवढ्यात आता धड एक फूटपाथही होत नाही. म्हणजे जवळपास सगळीच सरकारी कामं यात आली. आपल्याकडे मुकादमाचं मस्टर असतं ना, तसंच इथे दर आठवड्याला सर्टिफाइड पेरोल भरायचं: कोण, कुठल्या क्लासिफिकेशनमध्ये (म्हणजे कामाच्या कुठल्या प्रकारात), कुठल्या दिवशी किती तास, दर किती. खाली सही करून 'हे खरं आहे' असं लिहून द्यायचं. आमच्याकडे सही मालकाची, पण झोप माझी उडते.

आता मुद्द्याचं. तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला वाटणार की दर म्हणजे पेट्रोलच्या भावासारखा, आजचा ताजा भाव आणला की झालं. तसं नाही. इथे दर आजचा नसतो, कामाचा असतो. राज्याचा औद्योगिक संबंध विभाग, म्हणजे डीआयआर, वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या २२ तारखेला दरपत्रकं काढतो. पण एखाद्या प्रोजेक्टला कुठलं पत्रक लागू, हे त्याच्या टेंडरची जाहिरात ज्या तारखेला निघाली तिच्यावरून ठरतं. दोन वर्षांपूर्वी जाहिरात निघालेल्या शाळेच्या कामाला दोन वर्षांपूर्वीचंच पत्रक.

त्यातही एक गोम आहे, आणि ती एवढ्याशा चांदणीत (*) आहे. पत्रकात मुदत संपायच्या तारखेपुढे एक चांदणी असेल तर तो दर त्या प्रोजेक्टला शेवटपर्यंत, मुदत उलटून गेली तरी. दोन चांदण्या असतील तर पुढची वाढ आधीच ठरलेली आहे, त्या तारखेनंतरच्या कामाला ती द्यावीच लागते. एकाच साइटवर एका क्लासिफिकेशनला एक चांदणी आणि दुसऱ्याला दोन, असंही सर्रास असतं.

आमच्याकडे एका शनिवार-रविवारी असं अपडेट आलं की सगळ्या चालू प्रोजेक्टांना ऑगस्टचं नवं पत्रक आपोआप चिकटलं. सोबतच्या नोटमध्ये लिहिलं होतं 'दर आता नेहमी अद्ययावत'. एक चांदणीवाल्या साइटवर जास्त पैसे गेले, ते मालकाने कपाळाला हात लावून सोडून दिले. खरा घोळ दुसऱ्या साइटवर झाला. तिथली दोन चांदण्यांची वाढ जुन्या पत्रकाबरोबरच पुसली गेली आणि तीन आठवडे माणसांना कमी पगार गेला. लक्षात कुणाच्या आलं? आमच्या एका मेक्सिकन मिस्तरीच्या. त्याने वहीत पेन्सिलीने तास आणि दर लिहून ठेवले होते, ती वही माझ्या टेबलावर उघडी ठेवून तो शांतपणे बसून राहिला. मग फरकाचे चेक, तीन आठवड्यांची दुरुस्त पेरोलं, आणि आठवडाभर माझे डबे गार. कमी दिल्याचा दंड माणशी दर दिवसाला २०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून वेळेत सापडलं हे नशीब.

तेव्हा तुमच्या टेस्ट डेटात मुद्दाम एक जुना प्रोजेक्ट ठेवा, दोन्ही प्रकारच्या चांदण्यांचा. अपडेटच्या आधी आणि नंतर एकाच आठवड्याचं पेरोल काढा आणि ताडून बघा. केंद्राच्या पैशाचं काम असेल तर आणखी एक: तिथेही दर कंत्राटाबरोबर बांधलेला असतो, पण कंत्राटाची मुदत वाढवायचा पर्याय सरकारने वापरला की नवं पत्रक लागतं. म्हणजे दराला कुलूप हवं, आणि कुणी, कधी, का उघडलं याची नोंदही हवी.

तासांचं बघा. आमचा एखादा माणूस सकाळी सहा तास लेबरर म्हणून खोदतो आणि नंतर चार तास सिमेंट मेसन म्हणून स्लॅब घोटतो. दोन क्लासिफिकेशन, दोन दर. राज्याच्या नियमाने दिवसाला आठ तासांवर ओव्हरटाइम, म्हणून शेवटचे दोन तास मेसनच्या दराने ओव्हरटाइम. केंद्राच्या नियमात आठवड्याचे ४० तास भरल्याशिवाय ओव्हरटाइमच नाही. साइटवर दोन्हींचा पैसा असला की कामगाराच्या फायद्याचं ते धरायचं. बरीच सॉफ्टवेअरं दिवसाचे दहा तास आधी एकत्र मिसळतात आणि मग वाटतात. एकदा मिसळलं की संपलं.

फ्रिंजचंही तसंच. दराचे दोन तुकडे असतात, बेस आणि फ्रिंज (विमा, पेन्शन, सुट्ट्या वगैरे). सोयीसाठी बेस ४० डॉलर, फ्रिंज २० धरू. ओव्हरटाइमचा तास म्हणजे बेसची दीडपट ६०, अधिक फ्रिंज २०, म्हणजे ८०. बेस-फ्रिंज मिळून होणाऱ्या साठाची दीडपट करून ९० नाही. पण डीआयआरच्या पत्रकात ओव्हरटाइमचा दर वेगळा छापलेला असतो, तेव्हा राज्याच्या कामात हिशोब न करता तोच उचलावा. आणि 'फ्रिंज रोख द्या' असं बटन असेल तर ते दाबल्यावर प्रशिक्षणाचा वाटा कामगाराच्या चेकमध्ये जात नाही ना, ते तपासा. तो वाटा रोख देता येत नाही, अप्रेंटिसशिपच्या फंडातच भरावा लागतो.

अप्रेंटिसच्या (शिकाऊ कामगाराच्या) पाचास एक या प्रमाणावर, म्हणजे पक्क्या कारागिरांच्या पाच तासांमागे शिकाऊचा एक तास यावर, फार वेळ घालवू नका, ते बहुतेकांना जमतं. फक्त ते डोकी मोजून न काढता तासांवर काढलंय ना, तेवढं बघा.

फोरमन तास फोनवरून भरतात, आणि साइटवर रेंज नसते. आमचा एक जण गुरुवारचे तास शुक्रवारी दुपारी टेकडी उतरल्यावर पाठवतो. सिंक झाल्याची वेळ कामाची तारीख म्हणून बसली तर गुरुवार रिकामा आणि शुक्रवारी सोळा तास दिसतात. पुण्यातल्या ऑफिसच्या वायफायवर हे कधीच दिसणार नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तास भरा, आणि दुसऱ्या दिवशी जेवून आल्यावर चालू करा.